वजन वाढले, रक्त वाढले का?

आपल्या भाषेत 'तब्येत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. डॉक्टर तब्येत विचारतात तेव्हा त्यांना प्रकृती अभिप्रेत असते. पण माहेरी आलेल्या मुलीला पाहून शेजारीण म्हणते, "काय गं, तब्येत सुधारली!" तेव्हा ती अंगावर चढलेल्या मांसाबद्दल बोलत असते. माझे आजोळ अर्नाळ्याचे. तिथे हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

आजी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरत असे. पहाटे बंदरावर लिलाव, मग पाटी, मग घरचे पाणी, सरपण आणि दुपारी वाळत घातलेल्या बोंबलांची राखण. जेवणात भात, तांदळाची भाकरी, विकून उरलेल्या बारीक मासळीचे कालवण, पावसाळ्यात सुका जवळा. शेवटी जेवणारी तीच. ती आयुष्यभर काटकुळी राहिली. तिच्या नातसुनेला, म्हणजे माझ्या मामेवहिनीला, पाटी उचलावी लागत नाही. बर्फ घातलेली मासळी टेम्पोने जाते, नळ घरात आला, गॅस आला. घरात पैसाही आला. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी वहिनी चांगली भरलेली होती. सगळ्यांनी 'तब्येत' वाखाणली. सातव्या महिन्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९ च्याही खाली! गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की पंडुरोग, म्हणजेच ॲनिमिया, समजतात. घरात कोणाचा विश्वास बसेना. "एवढी तब्येत असताना रक्त कमी कसे?"

हा प्रश्न एका घराचा नाही. पैसा आणि राहणी बदलली की आईच्या ताटात काय बदलते आणि तिच्या शरीरात काय बदलते, या प्रश्नाचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. विशेष म्हणजे त्यातील महत्त्वाची प्रकरणे आपल्याच मुंबई-पुण्यात घडली आहेत.

मुंबई, १९२८

अर्नाळ्याहून मुंबई फार दूर नाही. विरार ते मुंबई रेल्वे १८६७ पासून धावते आहे, आणि वसई-आगाशीच्या वाड्यांतील केळी व भाजीपाला मुंबईच्या बाजारात पूर्वीपासून जात आला आहे. याच मुंबईत १९२८ साली लुसी विल्स (१८८८-१९६४) नावाच्या ब्रिटिश डॉक्टर आल्या. भारतात बाळंतपणात इतक्या स्त्रिया का दगावतात, याची चौकशी डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. त्यातील एका आजाराचा छडा लावण्याचे काम विल्स यांच्याकडे होते आणि त्यांची प्रयोगशाळा परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये होती.

आजार असा होता : गरोदर स्त्रिया, त्यातही गिरण्यांच्या परिसरातील कष्टकरी घरांतील, पांढऱ्याफटक पडत. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी असत, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. इथे नेमके उलटे होते. मग कशाची कमतरता?

विल्स यांनी आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. हाती काही लागले नाही. मग त्यांनी डॉ. तळपदे यांच्यासह मुंबईतील वेगवेगळ्या समाजांतील आणि आर्थिक थरांतील स्त्रिया काय खातात व कशा राहतात याची पाहणी केली. ती १९३० साली प्रसिद्ध झाली. चित्र स्पष्ट होते. गरीब घरांतील, निकृष्ट आहारावरच्या स्त्रियांत हा आजार अधिक होता. त्यांच्या ताटात धान्य होते, पण भाज्या, फळे व दूध फारच थोडे होते.

पुढची पायरी प्रयोगाची. या स्त्रियांसारखाच आहार उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिला. माकडांना तसाच पंडुरोग झाला, आणि तो बरा झाला एका अनपेक्षित वस्तूने : मार्माइट! बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा हा अर्क इंग्लंडमध्ये लोक पावाला लावून खातात. विल्स यांनी तो रुग्ण स्त्रियांना दिला आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडले. त्या अज्ञात पदार्थाला पुढे 'विल्स घटक' म्हणू लागले.

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांपासून एक पदार्थ वेगळा काढण्यात आला. पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचे नाव फोलिक आम्ल. १९४५ च्या सुमारास लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या गटाचे नेतृत्व आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते. विल्स यांना मार्माइटमध्ये जे गवसले होते ते हेच.

फोलिक आम्ल करते काय? पेशीचे विभाजन होण्याआधी तिच्यातील डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते, आणि या कामाला ते लागते. आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. गरोदरपणात त्यात वाढत्या गर्भाची भर पडते. फोलिक आम्ल अपुरे पडले की पेशी वाढतात, पण वेळेवर दुभंगत नाहीत. म्हणून त्या मोठ्या आणि मोजक्या!

विल्स यांच्या कामाचा एक धडा इथेच लक्षात ठेवू. धान्याने पोट भरत होते. उणीव होती ती पानाची. वसई-आगाशीची भाजी रेल्वेने मुंबईत पोचत होती, परंतु बाजारापासून गिरणगावातील खोलीपर्यंतचे शेवटचे अंतर रेल्वेने कापता येणारे नव्हते.

पुण्याजवळची सहा गावे, १९९३

यानंतर बरीच वर्षे कुपोषण म्हणजे उष्मांक आणि प्रथिनांची कमतरता, असेच समीकरण रूढ होते. त्याला तडा गेला तो १९९३ साली सुरू झालेल्या 'पुणे मातृपोषण अभ्यासा'त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांतील तरुण स्त्रियांची उंची, वजन, त्वचेखालची चरबी अशी मापे गर्भधारणेच्या आधीच घेऊन ठेवली. मग गर्भ राहिल्यावर त्यांचा आहार, कष्ट आणि शेवटी बाळाची मापे नोंदवली.

या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची १५२ सेंटिमीटर होती. इथे एक गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीरवस्तुमान निर्देशांक मिळतो. ४२ ला (१.५२ × १.५२) ने भागा : उत्तर साधारण १८.२. तो १८.५ च्या खाली असेल तर व्यक्ती कृश समजतात, २५ च्या वर असेल तर अतिवजनाची. म्हणजे या गावांतील सरासरी आईच कृश होती! तिच्या रोजच्या आहारात उष्मांक सतराशेच्या आसपास आणि प्रथिने सुमारे ४५ ग्रॅम होती.

अपेक्षा अशी की जी आई जास्त उष्मांक व प्रथिने खाते तिचे बाळ मोठे. पण बाळाच्या आकाराचा या दोन्हींशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्यांशी. ज्या आया हे पदार्थ अधिक वेळा खात त्यांची बाळे मोठी होती. शेतातले काम, पाणी भरणे असे कष्ट ज्यांना अधिक, त्यांची बाळे लहान. साठ वर्षांनंतर पुन्हा तेच पान पुढे आले होते.

याहून मोठे आश्चर्य बाळांच्या अंगात होते. पुण्याकडची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे हाडकुळी असणार, असे वाटेल. पण मापे वेगळेच सांगत होती. स्नायू आणि पोटातील अवयव खूप लहान होते, मात्र पाठीवर त्वचेखालची चरबी जवळजवळ तितकीच होती. याज्ञिक यांनी अशा बाळाला 'कृश-स्थूल' म्हटले : बाहेरून बारीक, आतून मेदाळ. याचा अर्थ असा की वजनकाटा सांगतो ते खरे असले तरी पुरेसे नसते. ते वजन कशाचे बनले आहे हे काट्याला कळत नाही.

याज्ञिक यांनी हा मुद्दा २००४ साली स्वतःच्याच शरीरावर दाखवला. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते, दोघांचाही निर्देशांक सारखाच, २२.३. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के!

पैसा आल्यावर

आता पैशाकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. २००५-०६ साली भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३५.५ टक्के कृश होत्या आणि १२.६ टक्के अतिवजनाच्या. २०१९-२१ मध्ये कृश १८.७ टक्के उरल्या आणि अतिवजनाच्या २४ टक्के झाल्या. दीड दशकात तराजूचे पारडे फिरले. पंडुरोगाचे काय झाले? २००५-०६ मध्ये ५५.३ टक्के, २०१९-२१ मध्ये ५७ टक्के. वजन वाढले, रक्त वाढले नाही!

असे का व्हावे? पैसा हाती आला की माणूस आधी भूक भागवतो, मग कष्ट कमी करतो, मग जिभेचे चोचले. तिन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाटी वाहिलेल्या घराने कष्ट कमी केले म्हणून कोण नावे ठेवील? परंतु या क्रमात तेल, साखर, मैदा आधी येतात. चहाबरोबर बिस्किटे, संध्याकाळी वडापाव, दुकानात टांगलेली वेफर्सची पाकिटे. पालेभाजी निवडायला वेळ लागतो, ती टिकत नाही आणि तिला प्रतिष्ठा नाही. म्हणून उष्मांक वाढतात आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये होती तिथेच राहतात.

कधी तर क्रम चक्क उलटा होतो. ब-१२ हे जीवनसत्त्व मासे, मांस, अंडी, दूध यांतूनच मिळते. पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यात ब-१२ ची कमतरता सर्वाधिक आढळली ती शहरी मध्यमवर्गात, खेड्यात किंवा झोपडवस्तीत नव्हे. सहा गावांतील गरोदर स्त्रियांतही निम्म्याहून अधिक जणींत ते कमी होते, मात्र फोलिक आम्ल जवळजवळ सर्वांत पुरेसे होते. आईचे फोलिक आम्ल भरपूर आणि ब-१२ कमी अशी जोडी जमली की मुलांमध्ये सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली. म्हणजे एक उणीव भरून दुसरी तशीच ठेवणेही सुरक्षित नाही. आजीच्या ताटातले ते उरलेसुरले कालवण आणि जवळा या दृष्टीने मोलाचा होता. तिला कमी पडत होते ते पुरेसे अन्न, पालेभाजी आणि विश्रांती.

एका समोशाचा प्रयोग

पाहणीतून संबंध दिसतो, पण कारण सिद्ध होत नाही. पालेभाजी खाणाऱ्या आया इतर बाबतींतही सुस्थितीत असतील, अशी शंका उरतेच. तिचे निरसन करायचे तर प्रयोग हवा. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी तो २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या वस्त्यांत केला. ६,५१३ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागले. एका गटाला रोज पालेभाजी, फळे व दूध घातलेला समोशासारखा ताजा खाऊ दिला, तर दुसऱ्याला बटाटा-कांद्याचा. गर्भ राहण्याआधीपासून बाळंतपणापर्यंत!

निकाल सरळ नव्हता आणि म्हणूनच शिकवणारा आहे. सर्व स्त्रिया धरल्या तर बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड होती. त्यातही जास्त कृश स्त्रियांना हा लाभ मिळाला नाही, अंगाने बऱ्या असलेल्यांना मिळाला. कदाचित फार कृश शरीरात आलेले अन्न आधी आईचीच तूट भरण्यात खर्च होत असावे. आणखी एक फायदा अनपेक्षित होता. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण बटाटा-कांद्याच्या गटात १२.४ टक्के होते, ते पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के निघाले.

यातून दोन गोष्टी निघतात. वर्षानुवर्षांची तूट नऊ महिन्यांत भरून निघत नाही. आणि पान वजनाहून अधिक काहीतरी घडवते, जे काट्यावर दिसत नाही.

तुमच्या वर्गात

मग सुरुवात कधी व्हावी? तुमच्या वर्गात बसलेल्या मुली हेच त्याचे उत्तर आहे. अनेक शाळांत दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी दिली जाते. तिच्यात लोह आणि फोलिक आम्ल असते. पुष्कळ मुली ती तोंडात धरून बाहेर टाकतात, हे आपण सगळे जाणतो. त्या गोळीतील फोलिक आम्लाची गोष्ट परळच्या एका प्रयोगशाळेत, गिरणगावातील स्त्रियांमुळे सुरू झाली, हे त्यांना सांगून पाहा. कारण कळले की गोळी गिळणे थोडे सोपे जाते.

एक उपक्रमही सुचवतो. विद्यार्थ्यांनी आठवडाभर घरातील ताटांची नोंद ठेवावी : कोणी आधी खाल्ले, कोणी शेवटी, पालेभाजी किती वेळा आली आणि ती कोणाच्या वाट्याला आली. नोंदीवर नावे नकोत. मुलींची वजने वर्गासमोर घेऊन मोठ्याने वाचू नयेत. जाड आणि बारीक दोघीही त्याने दुखावतात, आणि वजन पुरेसे सांगत नाही हे आपण आत्ताच पाहिले.

वहिनीचे बाळंतपण सुखरूप झाले. गोळ्यांनी रक्त हळूहळू वर आले. आता ती वाडीवाल्या बाईकडून दिवसाआड माठ किंवा मेथीची जुडी घेते आणि निवडायला मुलालाही बसवते. परवा एका नातेवाइकाने तिला म्हटले, "तब्येत उतरली गं तुझी." ती हसून म्हणाली, "हिमोग्लोबिन बारा आहे, मामा."