‘उद्या ये’ कुणाला म्हणायचे?

चालढकल, टाळाटाळ, दिरंगाई, चेंगटपणा. काम पुढे ढकलण्याच्या सवयीला नावे देण्यात मराठी कधी कमी पडलेली नाही. संस्कृतातून आलेला ‘दीर्घसूत्री’ हा शब्द तर थेट गीतेत आहे. अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना तो सर्वांत शेवटी येतो. त्याच्या आधी ‘आळशी’ आणि ‘विषादी’ ही दोन लक्षणे वेगळी मोजली आहेत, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आळस निराळा, खिन्नता निराळी आणि चालढकल निराळी, हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. आपण मात्र संगणकासमोर रेंगाळणाऱ्या मुलाला सरसकट ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो.

संगणक आला आणि माणसे बिघडली, असे म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास चाळावा. रोग फार जुना आहे. त्याला नवे घर तेवढे मिळाले आहे.

इंग्रजी भाषेचा महान कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन हा चालढकलीचा जुना रोगी. शब्दकोश तीन वर्षांत पुरा करतो, असे त्याने सांगितले होते. १७४६ मध्ये करार झाला आणि कोश बाहेर पडला तो १७५५ मध्ये. दरम्यान १७५० ते १७५२ या काळात तो दर मंगळवारी आणि शनिवारी ‘रॅम्बलर’ नावाचे निबंधपत्र काढीत असे. त्याचे २०८ अंक निघाले आणि जवळजवळ सगळे त्याने एकट्याने लिहिले. त्यातला जून १७५१ मधील एक निबंध चालढकलीवरच आहे. तो निबंधही छापखान्याचा पोऱ्या मजकुरासाठी ताटकळत असताना घाईघाईने लिहिला गेला, अशी आठवण त्याच्या स्नेह्यांनी नोंदवून ठेवली आहे! विनोद बाजूला ठेवला तरी यातून एक गोष्ट दिसते. कोशाची मुदत दूर होती, तेव्हा तो रेंगाळला. अंकाचा वार ठरलेला होता, तेव्हा त्याच माणसाने दोन वर्षांत दोनशेवर निबंध लिहिले. माणूस तोच, बदलली होती ती कामाची रचना.

पुढच्या शतकात अँथनी ट्रोलोप या कादंबरीकाराने ही रचना स्वतःच उभी केली. तो टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहायचे, असा त्याचा नेम होता. १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या आत्मचरित्रात त्याने हे मोकळेपणाने सांगितले आहे. प्रतिभेची वाट पाहणाऱ्या टीकाकारांनी त्याबद्दल नाके मुरडली. पण त्याच्या हातून ४७ कादंबऱ्या झाल्या.

ट्रोलोपच्या टेबलावर कागद, शाई आणि घड्याळ एवढेच होते. आपल्या कचेऱ्यांतल्या टंकलेखन यंत्रातही एका वेळी एकच कागद बसत असे. त्या यंत्रावर पत्ते खेळता येत नव्हते की दूरदेशीची बातमी दिसत नव्हती. सुरुवातीचा संगणकही असाच एकमार्गी होता. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रशाळेत द्यायचा आणि उत्तरासाठी तासन्‌तास थांबायचे. त्या काळात वाट माणूस पाहत असे. आज काम माणसाची वाट पाहत बसते.

बदल घडला तो पडद्यावर ‘खिडक्या’ उघडल्या तेव्हा. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. एकावर एक ठेवलेल्या कागदांसारख्या दिसणाऱ्या खिडक्यांची कल्पना याच केंद्रात विकसित झाली. १९८४ मध्ये ‘मॅकिन्टॉश’ने आणि १९९० मध्ये ‘विंडोज ३.०’ने ती घरोघर नेली. कल्पकांचा हेतू चांगलाच होता. माणसाच्या लिहिण्याच्या टेबलासारखा पडदा असावा, एवढेच त्यांना हवे होते.

पण त्याच ‘विंडोज ३.०’बरोबर ‘सॉलिटेअर’ हा पत्त्यांचा खेळही आला. तो वेस चेरी या उमेदवारी करणाऱ्या तरुणाने लिहिला होता. पत्ते उचलून दुसरीकडे ठेवता ठेवता लोकांना माउस चालवण्याची सवय झाली, हा त्याचा उपयोग. चेरीने त्यात एक गमतीची सोयही केली होती. साहेब जवळ आला की एक कळ दाबायची, म्हणजे पडद्यावर कामाचा देखावा उभा राहील! खेळ बाजारात येण्यापूर्वी कंपनीने ती काढायला लावली. पुढे २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर हाच खेळ पाहिला आणि त्याला नोकरीवरून कमी केले. कामाच्या टेबलावर करमणूक कायमची येऊन बसली होती.

मग त्या टेबलावर अख्खा बाजार भरला. १९९३ मध्ये जागतिक माहितीजाल सर्वांना खुले झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतातील सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पूर्वी वर्तमानपत्राला शेवटचे पान असे आणि ते आले की वाचणारा उठत असे. २००६ मध्ये एझा रास्किन या तंत्रज्ञाने खाली सरकवावे तसतसे वाढत जाणारे, न संपणारे पान तयार केले आणि पुढे त्याबद्दल त्याने स्वतःच खेदही व्यक्त केला. ग्लोरिया मार्क या अमेरिकी संशोधिकेने कामावरच्या माणसांची नजर एका पडद्यावर किती वेळ टिकते, हे मोजले. २००४ च्या सुमारास ते सरासरी अडीच मिनिटे होते. पुढच्या पाहण्यांत ते पाऊण मिनिटाच्या आसपास आले. शिवाय एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळले तरी मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, असे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. दहा खिडक्या उघडणारा माणूस दहा कामे करीत नाही. तो दहा ठिकाणी थोडा थोडा अडकतो.

इथे पुन्हा गीतेतल्या त्या क्रमाकडे वळू. ‘विषादी’ आणि ‘दीर्घसूत्री’ शेजारी शेजारी का बसले असावेत? अलीकडचे मानसशास्त्रज्ञ सांगतात की चालढकल हा वेळेच्या हिशेबाचा प्रश्न कमी आणि भावनेचा अधिक आहे. ज्या कामाची भीती वाटते, कंटाळा येतो किंवा जे आपल्याला जमणार नाही असे वाटते, ते आपण टाळतो, आणि टाळल्याने घटकाभर बरे वाटते. हे आपल्या सीमाभागाला विशेष लागू आहे. इथे घरची भाषा मराठी, कचेरीची कन्नड आणि पडद्यावरची इंग्रजी. प्रवेशाचा वा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलेले मूल तिसऱ्या ओळीवर अडते. चूक होईल या धास्तीने ते दुसरी खिडकी उघडते आणि अर्ज अखेरच्या तारखेवर जातो. वडील म्हणतात, ‘‘आळशी आहे.’’ वास्तविक ते मूल घाबरलेले असते. शेजारी बसून त्या तीन ओळी समजावून सांगणारे कुणी भेटले, तर तेच मूल तासाभरात अर्ज पुरा करते. शिव्यांनी भीती वाढते आणि भीतीने चालढकल, एवढे पालकांनी ध्यानात ठेवावे.

उपाय काय? १९८० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या विद्यार्थ्याचे अभ्यासात लक्ष लागेना. त्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ घेतले आणि आधी निव्वळ काही मिनिटे एकाग्र होण्याची स्वतःशीच पैज लावली. त्यातून पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी, ही पद्धत तयार झाली. इटालियन भाषेत टोमॅटोला ‘पोमोदोरो’ म्हणतात, तेच तिचे नाव पडले. ट्रोलोपचे घड्याळच ते, नव्या आकाराचे. पण चिरिल्लोने त्यात एका मोलाच्या गोष्टीची भर घातली. मध्येच काही आठवले, कुणाला निरोप धाडावासा वाटला, तर तिकडे वळायचे नाही. शेजारच्या कागदावर एका शब्दात टिपून ठेवायचे आणि हातातले काम चालू ठेवायचे. मोहाला नाही म्हणायचे नाही, ‘नंतर’ म्हणायचे.

ही युक्ती आपल्या भागाला परकी नाही. कर्नाटकात कित्येक घरांच्या दारांवर ‘नाळे बा’ असे लिहिलेले असे. नाळे बा म्हणजे उद्या ये. रात्री हाक मारीत येणारी भुताटकी ते वाचून परत जाते आणि दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचते, अशी लोकसमजूत. भुतावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही, पण युक्तीतले शहाणपण नाकारण्याचेही कारण नाही. भुताशी भांडण नाही, मंत्रतंत्र नाही. त्याला नुसते उद्याचे वचन द्यायचे.

आपली गफलत एवढीच की ही पाटी आपण चुकीच्या दारावर लावतो. काम आले की त्याला ‘उद्या ये’ आणि करमणूक आली की तिला पाट-रांगोळी! या दिवाळीत घरातल्या संगणकाजवळ एक साधे घड्याळ, एक कोरा कागद आणि एक पेन्सिल ठेवावी. भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत असावा. पडद्यावर एकच खिडकी उघडी असावी आणि पंचवीस मिनिटे जड वाटली तर दोनच मिनिटांनी आरंभ करावा. बाकी जे जे दार ठोठावील, त्याचे नाव कागदावर टिपून त्याला दोन्ही भाषांत सांगावे : नाळे बा. उद्या ये.