चुकलेला रिपोर्ट आणि ग्राहक कायदा

एक्स-रे, सोनोग्राफी किंवा स्कॅनचा रिपोर्ट चुकला म्हणजे डॉक्टर दोषी ठरतातच असे नाही. त्या शाखेच्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरच्या हातून, तेवढ्याच माहितीवर, तशी चूक झाली असती का, हे पाहिले जाते.

उदाहरण घरचेच आहे. उधन्यात लूम कारखान्यात फिटर असलेला माझा भाचा स्कूटरवरून हातावर पडला. एक्स-रे निर्दोष आला. मनगटातील स्कॅफॉइड या लहानशा हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. त्यामुळे तो न दिसणे हा दोष म्हणता येत नाही. मात्र संशय असल्यास दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा असतो. तसे त्याला कोणी सांगितले नाही. तीन महिन्यांनी हाड जुळलेच नसल्याचे कळले आणि ऑपरेशन करावे लागले. तोवर पहिली फिल्म आणि चिठ्ठी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली होती. (आयुष्यभर व्हाउचर जपलेल्या माणसाचा हा भाचा!)

रिपोर्ट हे एका डॉक्टरचे मत असते. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला तपासता येते ती मूळ प्रतिमा, म्हणून फिल्म किंवा सीडी मागून घ्यावी. काय शोधायचे हे लिहिलेल्या तपासणीच्या चिठ्ठीचीही झेरॉक्स ठेवावी. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी ३ वर्षे जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती रुग्णालये त्याबाहेर आहेत. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तेथेही तक्रार करता येते. म्हणजे तपासणी जळगाव-धुळ्याला झाली तरी सुरतच्या जिल्हा आयोगात जाता येते. वकील सक्तीचा नाही.

मुदत २ वर्षांची, आणि येथेच पुष्कळ जण फसतात. मुंबईच्या ‘श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस’ प्रकरणात १९९३ च्या शस्त्रक्रियेनंतर पोटात राहिलेला गॉज २००२ मध्ये बाहेर निघाला. दोष कळल्यापासून मुदत मोजता येते हे न्यायालयाने मान्य केले. पण इतकी वर्षे पोट दुखत असताना त्यांनी त्या डॉक्टरांना विचारले नाही, तपासणीही केली नाही, म्हणून २०१० मध्ये त्यांची तक्रार मुदतबाह्य ठरली.