राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी : दादाभाईंपासून १९४९ च्या समितीपर्यंत

हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये पडते, असे दादाभाई नौरोजी यांनी १८६७-६८ या सालासाठी दाखविले, तेव्हा त्या आकड्याकडे मोजणीपेक्षा आरोप म्हणूनच पाहिले गेले. प्रांतोप्रांतीच्या पिकांचे मूल्य काढून व इतर मालाची भर घालून त्यांनी ३४० कोटींची बेरीज केली आणि ती १७ कोटी लोकांत विभागली. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रासही याहून अधिक खर्च येतो, हे त्यांनी सरकारी कागदपत्रांवरूनच सिद्ध केले. पुढे १८८२ मध्ये बेअरिंग व बार्बर यांनी २७ रुपयांचा अंदाज केला. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये सांगितले.

मतभेदाचे एक मूळ व्याख्येत होते. दादाभाईंनी केवळ वस्तूंचे उत्पादन धरले, सेवा धरल्या नाहीत. (मराठीत शेतात पिकलेल्या धान्यालाही ‘उत्पन्न’ म्हणतात आणि कारकुनाच्या पगारालाही, त्यामुळे हा भेद आपल्या सहसा ध्यानी येत नाही.) डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ च्या मोजणीत दोन्ही मार्ग एकत्र आणले. शेतीसाठी मालाचे मूल्य आणि नोकरी-व्यवसायांसाठी लोकांची मिळकत धरून त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न ६२ रुपये ठरविले.

स्वातंत्र्यानंतर आकड्याचे प्रयोजनच पालटले. ऑगस्ट १९४९ मध्ये सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, तर राव व पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. १९५१ च्या पहिल्या अहवालात १९४८-४९ चे उत्पन्न ८,७१० कोटी, दरडोई २५५ रुपये, असे नमूद झाले. त्यातील जवळजवळ निम्मा वाटा शेतीचा. लहान उद्योगांचा वाटाही कारखान्यांहून मोठा. परंतु कारखान्यांचे दप्तर होते, विणकर-कुंभारांचे नव्हते. म्हणजे जेथे उत्पन्न अधिक तेथेच माहिती तोकडी. ही उणीव भरून काढण्यासाठीच १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने घरी खाल्लेले धान्य किंमत लावून हिशेबात धरले गेले. ते दळणाऱ्या गृहिणीचे श्रम मात्र त्यात आले नाहीत.

नियोजनाला थांबण्यास सवड नव्हती. १९५०-५१ चे उत्पन्न सुमारे ९,००० कोटी धरून पहिल्या पंचवार्षिक योजनेने १९५५-५६ साठी १०,००० कोटींचे लक्ष्य ठेवले. देश उत्पन्नाच्या किती टक्के भांडवल गुंतवू शकेल, हा हिशेबही त्याच पायावर उभा होता. समितीचा अंतिम अहवाल १९५४ मध्ये आला. १९४८-४९ चा आकडा त्यात ८,६५० कोटींवर उतरला होता. तोवर योजनेचा निम्म्याहून अधिक काळ सरला होता.