स्थलनामांची लावणी : कामगारवस्तीच्या गीताचा रूपबंध

लंडनच्या पश्चिम भागात व्हाइट सिटी नावाची वसाहत आहे. 1908 साली येथे फ्रेंच-ब्रिटिश प्रदर्शन भरले होते. त्यासाठी उभारलेल्या शुभ्र मंडपांवरून परिसराला हे नाव मिळाले. पुढे 1930 नंतरच्या दशकात लंडनच्या नगरशासनाने तेथे श्रमिकांसाठी चाळवजा इमारती बांधायला घेतल्या आणि रस्त्यांना ऑस्ट्रेलिया रोड, कॅनडा वे, इंडिया वे, साउथ आफ्रिका रोड अशी नावे दिली. साम्राज्य ओसरले तरी रस्त्यांवरच्या पाट्या तशाच राहिल्या. 'द हू' या रॉक वाद्यवृंदाचा गीतकार-गिटारवादक पीट टाउनशेंड याने 1985 मध्ये या वस्तीवर स्वतंत्रपणे एक ध्वनिमुद्रिका काढली आणि तिला 'व्हाइट सिटी : अ नॉव्हेल' असे नाव दिले. गीतसंग्रहाने स्वतःला कादंबरी म्हणवून घ्यावे, यात त्या रूपाची अडचणच व्यक्त होते. सुटी गाणी एका आशयसूत्रात बांधायची तर त्यांना कथानक हवे, नायक हवा. टाउनशेंडने जिम नावाचा नायक घेतला, तरीही गाण्यांतून कथा पुरती उलगडत नाही. तिला रिचर्ड लोवेनस्टीन याच्या लघुचित्रपटाचा आधार लागतो. त्या चित्रपटात टाउनशेंड स्वतः वावरतो तो जुन्या वस्तीत परतलेला यशस्वी गायक म्हणून. तो शेजारच्या अ‍ॅक्टनमध्ये वाढलेला, आईवडील दोघेही व्यावसायिक संगीतकार. वस्तीशी असलेले हे अंतर त्याने लपवलेले नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे.

एका शहराच्या श्रमिक जीवनाला एका गीतरचनेत सामावण्याचा हा प्रश्न मराठीत त्याआधी काही दशके सोडवला गेला होता, आणि तोही नायकाविना. अण्णा भाऊ साठे यांच्या 'मुंबईची लावणी'चा विचार या दृष्टीने क्वचितच झाला आहे. प्रचारगीत म्हणून तिची बोळवण करणारी समीक्षा आणि लोकसाहित्य म्हणून तिचा गौरव करणारी समीक्षा, दोघींनीही तिच्या रचनेकडे दुर्लक्षच केले.

या लावणीमागे एक पूर्वसंहिता उभी आहे. पठ्ठे बापूराव यांनीही मुंबईवर लावणी रचली होती. मुंबईला रावणाच्या लंकेची उपमा देत तिच्या वैभवाने दिपून जाणारी ती रचना आहे. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (1866-1945), वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. अण्णा भाऊ (1920-1969) त्याच तालुक्यातील वाटेगावचे. एक जन्माने ब्राह्मण, जात ओलांडून तमाशाच्या फडात आलेला. दुसरा मांग समाजातला, ज्याच्या घराण्याकडे ढोलकी-तुणतुणे परंपरेनेच आलेले. एकाच मातीतून निघालेल्या या दोघांनी एकच शहर एकाच काव्यप्रकारात पाहिले. त्यामुळे दोन लावण्यांमधला फरक व्यक्तिगत प्रतिभेपुरता उरत नाही. तो शहरात कुठून प्रवेश करावा लागला याचा फरक ठरतो. बापूराव शहरात शिरले ते फडाचे कवी म्हणून. अण्णा भाऊ पोटासाठी आले, गिरणीत राबले आणि माटुंग्याच्या लेबर कँपात राहिले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले.

नगरवर्णन हा जुना संकेत आहे. त्यात स्थळांची नावे येतात ती शोभा वाढवण्यासाठी. अण्णा भाऊंनी संकेत मोडला नाही. त्यातली नावांची यादी तेवढी ठेवली आणि तिची मांडणी बदलली. आरंभीच मलबार हिल आणि परळ समोरासमोर येतात. एक उंचावर, दुसरे खाली. पुढे रस्त्यांची नावे, गल्लीबोळ, शरीरविक्रयाच्या वाटा येत जातात. श्रोत्याला कथा सांगितली जात नाही. त्याला पायी फिरवले जाते, आणि दोन नावांमधले अंतर चालता चालता त्याचे त्यालाच कळते. रचनेची एकसंधता येथे पात्रात नाही, नकाशात आहे. वर्गभेद विधान म्हणून सांगण्याची गरज न राहणे हे या रचनातंत्राचे मोठे यश. अण्णा भाऊंच्या काही पोवाड्यांत घोषणा कवितेवर मात करते, हे नाकारण्याचे कारण नाही. या लावणीत तसे घडत नाही.

दुसरा भेद आवाजाचा. टाउनशेंडची ध्वनिमुद्रिका 'एकट्याची' आहे; वाद्यवृंदापासून सुटलेल्या कलावंताचे ते आत्मशोधन आहे. शाहिरीत एकटेपणाला जागा कमी. शाहिराने उच्चारलेले चरण झीलकरी उचलतात, आणि मैदानात झीलकरी कुठे संपतात व श्रोते कुठे सुरू होतात हे ठरवणे कठीण असते. 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत एकाच कामगाराची विरहव्यथा आहे, पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती गायिली जाताना मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी झाली. हे रूपांतर संहितेत आहे. समूहाच्या तोंडी जाण्यासाठीच ती रचलेली आहे. 'एकल' आणि 'सामूहिक' या आपल्या समीक्षेतील कोटी येथे अपुऱ्या पडतात.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर ज्या नकाशावर ही लावणी उभी होती तो पुसत गेला. गिरण्यांच्या जागी मनोरे आले. परळ आज मलबार हिलच्या उंचीशी स्पर्धा करते. लावणीतला विरोध त्यामुळे खोटा ठरला नाही, पण त्याची स्थलनामे हलली.

ती कोठे गेली, याचे एक उत्तर औरंगाबादेत, म्हणजे 2023 पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात मिळते. टाउनशेंडची ध्वनिमुद्रिका आली त्याच 1985 साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. चिकलठाण्यापाठोपाठ या शहराची दुसरी औद्योगिक बाजू वाढली. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली माणसे रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, बजाजनगर या वस्त्यांतून राहू लागली. या नावांतच एक रचना दडलेली आहे. एक जुने शेतगाव, एक विठ्ठलाच्या नगरीचे नाव आणि एक थेट कारखानदाराचे नाव, एकाच रस्त्याच्या आसपास. लंडनच्या वस्तीने साम्राज्याची नावे अंगावर वागवली, वाळूजने भांडवलाचे नाव स्वीकारले. येथल्या श्रमिकाला परळच्या चाळीची सलगता नाही. कंत्राटी कामामुळे कारखाना बदलतो, त्याबरोबर खोलीही बदलते, आणि झील धरणारा समूह जमण्याआधीच विखुरतो. 'अस्मितादर्श'सारखे नियतकालिक ज्या शहरातून निघाले, तेथील समीक्षेने हा प्रश्न कवितेच्या आशयापुरता न ठेवता गीताच्या रूपापर्यंत नेला पाहिजे : बजाजनगर आणि रांजणगाव ही नावे समोरासमोर ठेवणारी लावणी रचली गेली, तर तिची झील कोण धरील?