इशी, शोहाची

(20 सप्टेंबर 1926–1980). जपानी ज्यूदोपटू व मुक्त शैलीचे कुस्तीगीर. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 57 किलो (बँटमवेट) गटाचे सुवर्णपदक विजेते. बिद्री-कागलपासून कराडपर्यंत कुस्तीच्या मुलखात त्यांचे नाव निघते ते भारतीय मल्ल खाशाबा जाधवांमुळे. याच गटात खाशाबांना कांस्यपदक मिळाले, आणि त्यांना हरवणाऱ्या दोघांपैकी इशी एक. एवढ्यावरच त्यांची ओळख संपवणे हा मात्र अन्याय आहे.

इशी घडले ज्यूदोत. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने लष्करी वृत्तीला खतपाणी घालणारी कला म्हणून ज्यूदो शाळांतून हद्दपार केला. तिथे तो 1950 मध्ये परतला. मधल्या काळात जे ज्यूदोपटू कुस्तीकडे वळले, त्यांत इशी होते. वाट आधीच पडलेली होती. इचिरो हात्ता या ज्यूदोपटूनेच 1931 मध्ये वासेदा विद्यापीठात कुस्तीचा क्लब काढला होता आणि युद्धानंतर जपानी कुस्तीची सूत्रेही त्यांच्याच हाती आली. ज्यूदोत अंगरख्याची कॉलर आणि बाही धरून गड्याला उलथवतात. कुस्तीत धरायला कापड नाही. मनगट, मान, मांडी यांवरच पकड जमवावी लागते. समोरच्याचा तोल नेमका केव्हा सुटतो याची जाण मात्र दोन्हीकडे सारखीच कामी येते.

खाशाबाही परक्याच पृष्ठभागावर लढत होते. तांबड्या मातीत वाढलेला हा मल्ल 1948 मध्ये लंडनला गादीवर उतरला आणि 52 किलो गटात सहावा आला. मान आवळून गड्याला आपटणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव. हेलसिंकीच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले.

इशींशी झुंज लांबली आणि निकाल इशींच्या बाजूने गेला. त्यानंतर नियमातली अर्ध्या तासाची विश्रांती न देता खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्यासमोर उभे केले, हरकत घ्यायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, अशी हकिकत सांगितली जाते. ती जशीच्या तशी मान्य केली तरी दोष भारतीय पथकाच्या व्यवस्थेचा. इशींच्या सुवर्णाला त्याने बट्टा लागत नाही. रौप्य मामेदबेकोव यांना मिळाले.

1948 च्या ऑलिंपिकचे जपानला निमंत्रणच नव्हते. हेलसिंकीत त्या देशाला एकच सुवर्ण मिळाले, ते इशींचे. जपानी कुस्तीचेही ते पहिलेच. बारा वर्षांनी टोकियोत ज्यूदोला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला आणि जपानी कुस्तीगिरांनी पाच सुवर्णपदके घेतली. भारताला मात्र खाशाबांनंतर कुस्तीतले पुढचे ऑलिंपिक पदक 2008 मध्ये, सुशील कुमारच्या रूपाने मिळाले.