कचऱ्यातून वीज: तिमारपूरची भट्टी का विझली?

"कचरा जाळावा की नाही, यावर पीएचडी करू का?" असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. करा की. पण प्रश्न एवढाच ठेवलात तर हाती दोन बाजूंची मतं लागतील, इतिहास नाही. आधी विचारा: कचरा कोणता, कुठल्या शहरातला?

नॉटिंगहॅमला १८७४ मध्ये शहराचा कचरा जाळणारी भट्टी उभी राहिली. १८९७ मध्ये लंडनच्या शोरडिच भागात अशाच भट्टीच्या उष्णतेवर वीजही होऊ लागली. ते जमलं, कारण तिथं घरोघरी कोळशाच्या शेगड्या होत्या. कचऱ्यात राखेबरोबर अर्धवट जळलेला कोळसा यायचा, म्हणजे इंधन कचऱ्यातच होतं.

आता दिल्लीत या. तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीनं रोज ३०० टन कचरा जाळून ३.७५ मेगावॉट वीज देणारा प्रकल्प उभा राहिला. त्याला किलोमागे सुमारे १४६० किलोकॅलरी उष्मांकाचा कचरा हवा होता. प्रत्यक्षात आला तो सहाशे-सातशेचा. तीन आठवड्यांत भट्टी बंद! आपल्याकडचा कचरा ओला, मातीमिश्रित. कागद-प्लास्टिक कचरावेचक आणि भंगारवाले आधीच काढून नेतात. जळण्याजोगं होतं, त्यावर कुणाचं तरी पोट चालत होतं.

दरम्यान वादाचा सूरही बदलला होता. १९७७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या भट्टीच्या राखेत डायॉक्सिन सापडलं. तोवर तक्रार होती धूर नि दुर्गंधीची. आता न दिसणाऱ्या विषाची भर पडली. त्यामुळे २०१२ मध्ये ओखल्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा शेजारच्या वस्त्या 'वीज किती?' यापेक्षा 'चिमणीतून काय बाहेर पडतं?' हेच विचारत होत्या.

म्हणून भट्टी नको म्हटलं की हवा स्वच्छ, असंही समजू नका. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं, तिथं तर चिमणीही नव्हती आणि गाळणीही.

तुमच्या शहराचा प्रकल्प अहवाल मिळाला, की आधी उष्मांकाचा आकडा शोधा. नमुना कुणी घेतला, कोणत्या महिन्यात, कचरा वेचण्याआधी की नंतर? पावसाळ्यातला आकडा वेगळा निघेल. तुमचा प्रबंध तिथूनच सुरू होऊ शकतो.