पूर्वीच्या नोकरीतील ज्ञानाचा वापर

एका संस्थेत नोकरी करताना मिळालेले ज्ञान नोकरी बदलल्यावर दुसऱ्या संस्थेसाठी कितपत वापरावे, हा व्यावसायिक नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. कामातून अंगी बाणलेले कौशल्य कर्मचाऱ्याचे स्वतःचे असते. उत्पादनाची गुप्त सूत्रे, आराखडे व ग्राहकांच्या नोंदी संस्थेच्या मालकीच्या असतात, असे सर्वसाधारण तत्त्व आहे. तथापि दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या स्मरणात वसत असल्याने ही सीमारेषा व्यवहारात पुसट होते. कारखाना सोडणाऱ्या विणकराला हातांची सवय तेथेच ठेवून जाण्यास सांगता येत नाही.

भारतीय कायदा

भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार वा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. त्यामुळे नोकरी संपल्यावरही स्पर्धकाकडे न जाण्याची अट भारतात सहसा टिकत नाही. नोकरीच्या मुदतीतील बंधनाचा विचार मात्र वेगळा होतो.

गोलिकरी खटला

या संदर्भातील महत्त्वाचा निवाडा कल्याण परिसरातील एका कारखान्यातून उद्भवला. टायरसाठी लागणाऱ्या रेयॉन धाग्याचे तंत्र सेंच्युरी कंपनीने परदेशी कंपन्यांकडून घेतले होते. ते गुप्त राखण्याची आणि कर्मचाऱ्यांकडूनही तशी हमी घेण्याची अट तिच्यावर होती. पाच वर्षांच्या करारावर नेमलेला व कंपनीनेच प्रशिक्षण दिलेला एक पाळी पर्यवेक्षक १९६४ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच, अधिक पगारावर कोटा येथील राजस्थान रेयॉनमध्ये रुजू झाला. 'निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग' (१९६७) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरील मनाई कायम ठेवली. ती कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती आणि त्याच प्रकारच्या कामापुरती होती. इतरत्र वेगळे काम करून पोट भरण्याचा त्याचा मार्ग मोकळाच राहिला. निवाड्याचे खरे महत्त्व या मर्यादेत आहे, परंतु तो उद्धृत करताना तिचा अनेकदा विसर पडतो.

नक्कल आणि स्मरण

'रॉब विरुद्ध ग्रीन' (१८९५) या इंग्लंडमधील खटल्यात एका व्यवस्थापकाने नोकरी सोडण्यापूर्वी मालकाच्या वहीतून ग्राहकांची नावे उतरवून घेतली होती. न्यायालयाने तो विश्वासभंग ठरविला. याउलट सहज ध्यानात राहिलेल्या माहितीबाबत न्यायालये अधिक उदार असतात. मात्र मुद्दाम पाठ करून नेलेली यादी ही नक्कलच होय. नव्या मालकाचेही उत्तरदायित्व येथे विचारात घ्यावे लागते: उमेदवाराचे कौशल्य हेरून त्याला घेणे आणि स्पर्धकाचे गुपित मिळावे म्हणून त्याला घेणे, यांत नैतिकदृष्ट्या मोठा फरक आहे. गुपित उघड करण्याचे दडपण बहुधा नोकरीत नवख्या असलेल्या माणसावरच येते.

व्यापारी गुपितांविषयी स्वतंत्र कायदा नसल्यामुळे भारतातील न्यायालये करार आणि विश्वासभंग यांच्या तत्त्वांवर निर्णय देत आली आहेत. विधी आयोगाने २०२४ मधील २८९व्या अहवालात स्वतंत्र कायद्याचा मसुदा सुचविला. नोकरीच्या ओघात मिळालेला अनुभव व कौशल्य यांना त्यात व्यापारी गुपिताच्या व्याख्येतून वगळले आहे.